वारा पाठीशी असताना

प्रस्तावना

'वारा पाहून पाठ द्यावी' अशी एक म्हण मराठीत आहे. ज्या बाजूचा जोर असेल त्या बाजूला झुकणाऱ्या माणसाविषयी ती वापरली जाते. शिडाच्या नौकेवर मात्र या म्हणीचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो. वाऱ्याला पाठ देण्यापूर्वी तो नीट पाहून घ्यावा लागतो. कारण पाठ दिल्यानंतर तो समोर राहत नाही आणि पूर्वीइतका जाणवतही नाही. वारा पाठीशी असला म्हणजे प्रवास सोपा, असा सर्वसाधारण समज आहे. शिडाच्या लहान नौकेच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा आहे. तो अर्धाच का खरा आहे आणि अशा वेळी शिडे कशी लावावी लागतात, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• वाऱ्याच्या निरनिराळ्या दिशांना शीड कसे कार्य करते, हे सांगू शकाल;
• खरा वारा आणि जाणवणारा वारा यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• पाठीमागून वारा असताना शिडांची मांडणी कशी करतात, याचे वर्णन करू शकाल;
• अशा प्रवासातील धोके आणि त्यांवरील उपाय सांगू शकाल.

मूलपाठ

१. समुद्रापासून दूर असलेली शिडे

बंगळुरू शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या शहराच्या मध्यभागी, हलसूरु म्हणजेच अलसूर तलावावर, पांढऱ्या शिडांच्या लहान नौका फिरताना दिसतात. या तलावाचे क्षेत्रफळ सुमारे ५० हेक्टर असून त्यात काही छोटी बेटे आहेत. तलावालगतच भारतीय भूसेनेच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे आणि येथील नौकाक्रीडेची परंपरा प्रामुख्याने या केंद्राने जोपासली आहे. तलावाकाठच्या सेलिंग क्लबचे नाव 'तृष्णा' असे आहे.

या नावामागे एक इतिहास आहे. भूसेनेच्या अभियंता दलाची 'तृष्णा' नावाची अवघ्या ३७ फूट लांबीची शिडाची नौका होती. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईला परतली. कर्नल टी. पी. एस. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेने सुमारे ३०,००० सागरी मैलांचे अंतर कापले. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. महासागर ओलांडणाऱ्या नौकेचे नाव शहरातील तलावाकाठी जपले जावे, हे योग्यच आहे. कारण वाऱ्याचे नियम तलावात आणि महासागरात सारखेच असतात.

२. पंख आणि पडदा

शिडाच्या नौकेचे मुख्य भाग थोडक्यात असे सांगता येतील. नौकेत उभी असते ती डोलकाठी. डोलकाठीला मोठे शीड जोडलेले असते. या शिडाच्या तळाशी एक आडवा दांडा असतो. त्याला बूम म्हणतात. बूमला बांधलेली दोरी ओढली की शीड नौकेच्या मध्यरेषेजवळ येते आणि ती सैल सोडली की शीड बाहेर जाते. नौकेच्या तळातून पाण्यात उतरणारी एक उभी फळी असते. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. ही फळी नौकेला बाजूला घसरू देत नाही. मागील टोकाला सुकाणू असते. नौकेच्या ज्या बाजूवर वारा येतो ती वाऱ्याकडची बाजू आणि तिच्या विरुद्ध असलेली ती वाऱ्याआडची बाजू.

शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारणपणे ४५ अंशांचा कोन राखून तिला नागमोडी मार्गाने पुढे जावे लागते. अशा वेळी, तसेच वारा बाजूने येत असतानाही, हवा शिडाच्या दोन्ही पृष्ठांवरून वाहत जाते. फुगलेल्या शिडाचा आकार पक्ष्याच्या पंखासारखा असतो. शिडामुळे हवेच्या प्रवाहाची दिशा बदलते, दोन्ही पृष्ठांवरील दाबात फरक पडतो आणि त्यातून नौकेला पुढे नेणारे बल निर्माण होते. विमानाचा पंख ज्या तत्त्वावर विमानाला उचलून धरतो त्याच तत्त्वावर येथे शीड काम करते.

वारा थेट पाठीमागून येऊ लागला म्हणजे हे चित्र बदलते. आता हवा शिडाच्या पृष्ठांवरून सुरळीत वाहत नाही. ती शिडावर येऊन अडते आणि त्याच्या कडांवरून भोवरे करीत निसटते. शीड आता पंख राहत नाही, तर वाऱ्यासमोर धरलेला पडदा होते. पंखाच्या बाबतीत वाऱ्याशी असलेला नेमका कोन महत्त्वाचा असतो. पडद्याच्या बाबतीत महत्त्व असते ते वाऱ्यासमोर येणाऱ्या क्षेत्रफळाला. पाठीमागून वारा असताना शिडांची जी मांडणी केली जाते तिचे सूत्र हेच आहे: शिडाचे जास्तीत जास्त क्षेत्र वाऱ्यासमोर उघडावे आणि पाण्याचा विरोध शक्य तितका कमी करावा.

३. हरवलेला वारा

थांबलेल्या नौकेत बसलेल्या माणसाला जो वारा लागतो तो खरा वारा होय. नौका चालू लागली की तिच्या गतीमुळे निर्माण होणारा वारा त्यात मिसळतो. या दोहोंच्या मिश्रणातून जो वारा प्रत्यक्ष अंगाला आणि शिडाला लागतो त्याला जाणवणारा वारा म्हणतात. शिडाला खरा वारा कधीच ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने जाणवणारा वारा हाच वारा असतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, वाऱ्याचा वेग १० नॉट आहे. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी १.८५२ किलोमीटर. नौका वाऱ्याच्याच दिशेने ५ नॉट वेगाने जात असेल, तर तिच्यावरील नाविकाला केवळ ५ नॉटचा वारा जाणवेल. आता तीच नौका वळून, वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून, त्याच ५ नॉट वेगाने वाऱ्याकडे जाऊ लागली, तर जाणवणारा वारा सुमारे १४ नॉट होईल. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे केवळ दिशा बदलल्याने शिडावरील दाब जवळजवळ आठपट होतो. खरा वारा मात्र आहे तेवढाच असतो.

नवशिक्या नाविकाची फसगत येथेच होते. पाठीशी वारा असताना नौका संथपणे चालली आहे असे वाटते. अंगाला वाऱ्याची झुळूकही लागत नाही. ऊन अधिक तापते. दरम्यान खरा वारा वाढत गेला तरी त्याची पुरेशी जाणीव होत नाही. नंतर काही कारणाने नौका वाऱ्याकडे वळवावी लागली म्हणजे तो सगळा वारा एकदम शिडावर कोसळतो आणि नौका उलटते. म्हणून शीड कमी करण्याचा निर्णय वारा पाठीशी असतानाच, वळण्यापूर्वी घ्यावा, असा नियम आहे.

दुसरी अडचणही तितकीच महत्त्वाची आहे. वारा बाजूने येत असताना अचानक झोत आला, तर दोरी सैल सोडण्याचा उपाय हाताशी असतो. दोरी सोडली की शीड फडफडू लागते, त्यातील बल नाहीसे होते आणि नौका सावरते. पाठीमागून वारा असताना शीड आधीच पूर्ण बाहेर सोडलेले असते. ते आणखी सोडावयास जागा उरलेली नसते. संकटातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग अशा प्रकारे बंद झालेला असतो.

४. एका शिडाच्या नौकेची मांडणी

मुलांना नौकानयन शिकविण्यासाठी 'ऑप्टिमिस्ट' या प्रकारची नौका जगभर वापरली जाते. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे तिचा आराखडा तयार केला. मोठ्या वयाचे खेळाडू 'लेझर' ही नौका वापरतात. तिला आता 'इल्का' म्हणतात. तिची लांबी सुमारे ४.२ मीटर असते आणि तिच्या सर्वांत मोठ्या शिडाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर असते. मद्रास इंजिनिअर ग्रुपचे नौकापटू विष्णू सरवणन यांनी हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात कांस्यपदक मिळविले. या दोन्ही नौकांना एकच शीड असते. त्यामुळे पाठीमागच्या वाऱ्याचा अभ्यास त्यांच्यापासून सुरू करणे सोयीचे ठरते.

पहिली गोष्ट शिडाच्या कोनाची. बूम नौकेच्या मध्यरेषेशी जवळजवळ काटकोनात येईपर्यंत दोरी सोडली जाते. लेझरच्या डोलकाठीला बाजूंनी आधाराच्या तारा नसतात, म्हणून तिचा बूम काटकोनाच्याही पुढे जाऊ शकतो. ज्या नौकांना अशा तारा असतात त्यांचे शीड तारेवर घासून फाटण्याची भीती असते. म्हणून ते तारेला टेकण्यापूर्वीच थांबवावे लागते.

दुसरी गोष्ट बूमला वर उचलू न देणाऱ्या दोरीची. या दोरीला किकर म्हणतात. ती बूमपासून डोलकाठीच्या तळापर्यंत तिरकी बांधलेली असते. ही दोरी फार सैल असली, तर बूम वर उचलला जातो आणि शिडाचा वरचा भाग पीळ पडून डोलकाठीच्याही पुढे जातो. मग शिडाचा खालचा भाग नौकेला पुढे ढकलत असतानाच वरचा भाग तिला वाऱ्याकडच्या बाजूला कलंडवू लागतो. नौका आलटून पालटून दोन्ही बाजूंना डोलू लागते, प्रत्येक डोलासरशी झोका वाढत जातो आणि अखेरीस ती वाऱ्याकडेच उलटते. उलट, ही दोरी फार ताणलेली असली, तर नौका कलताच बूमचे टोक पाण्यात बुडते. पाण्यात अडकलेला बूम बाहेर सोडता येत नाही आणि नौका गर्रकन वाऱ्याकडे वळते. या दोन टोकांमधली योग्य जागा वाऱ्याच्या जोरानुसार शोधावी लागते. शिडाचा वरचा भाग नौकेच्या मध्यरेषेशी काटकोनात राहील आणि डोलकाठीच्या पुढे जाणार नाही, ही त्याची साधी खूण होय.

तिसरी गोष्ट शिडाच्या फुगवट्याची. वाऱ्याकडे जाताना शीड सपाट ठेवलेले असते. पाठीमागून वारा आला की शिडाच्या तळकडेला आणि पुढच्या कडेला ताण देणाऱ्या दोऱ्या सैल करतात, जेणेकरून शिडाला खोली येते.

चौथी गोष्ट सेंटरबोर्डची. वारा पाठीशी असताना नौका बाजूला घसरण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. म्हणून पाण्याचा विरोध कमी करण्यासाठी ही फळी बरीचशी वर उचलून घेतात. मात्र ती पूर्णपणे काढून घेणे धोक्याचे असते, कारण नौकेचे डोलणे आवरण्यास तिची मदत होते. हलक्या वाऱ्यात ती अधिक वर घ्यावी आणि वारा जोराचा असेल तर अधिक खाली ठेवावी, असा सर्वसाधारण नियम आहे.

पाचवी गोष्ट नाविकाच्या बैठकीची. लहान नौकेत माणसाचे वजन हेही एक साधनच असते. वारा हलका असताना नाविक थोडा पुढे बसतो, त्यामुळे मागचा भाग पाण्यात रुतत नाही. वारा वाढला की तो मागे सरकतो. नाहीतर नौकेचे पुढचे टोक लाटेत घुसण्याची भीती असते. याशिवाय तो नौकेला किंचित वाऱ्याकडच्या बाजूला कललेली ठेवतो. शीड एका बाजूला पसरलेले असल्यामुळे त्याचे बल मध्यरेषेच्या बाहेर लागते आणि नौकेला वाऱ्याकडे वळवू पाहते. वाऱ्याकडे दिलेल्या थोड्याशा कलाने या वळणाचा तोल साधला जातो. मग सुकाणू सरळ ठेवता येते. तिरके धरलेले सुकाणू नौकेची दिशा सांभाळते खरे, पण त्याच वेळी ते तिची गतीही कमी करीत असते.

५. दोन शिडे आणि तिसरे शीड

ज्या नौकेला मोठ्या शिडाच्या पुढे जिब नावाचे लहान शीड असते तिच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. वारा थेट मागून आला की जिब मोठ्या शिडाच्या आडोशाला जाते आणि निर्जीवपणे लोंबू लागते. यावर उपाय असा की मोठे शीड एका बाजूला आणि जिब दुसऱ्या बाजूला पसरावे. जिबचा मोकळा कोपरा बाहेर धरून ठेवण्यासाठी डोलकाठीपासून एक हलकी काठी लावतात. दोन्ही बाजूंना शिडे उघडलेली अशी नौका दुरून पंख पसरलेल्या हंसासारखी दिसते.

अधिक वेग हवा असेल तर स्पिनेकर नावाचे तिसरे शीड उभारतात. हे पातळ कापडाचे, फुग्यासारखे फुगणारे शीड नौकेच्या पुढे उघडते. त्याचा वाऱ्याकडचा कोपरा एका काठीने धरलेला असतो आणि ती काठी जाणवणाऱ्या वाऱ्याशी काटकोनात ठेवली जाते. दुसऱ्या कोपऱ्याची दोरी नाविकाच्या हातात असते. ती हळूहळू सोडीत जावी. शिडाची वाऱ्याकडची कड किंचित आत मुडपू लागली की थोडी ओढून घ्यावी. मग पुन्हा सोडावी. ही क्रिया अखंड चालू ठेवावी लागते. दोरी एकदा बांधून टाकली आणि काम संपले, असे या शिडाच्या बाबतीत होत नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या, तरी नौकास्पर्धा मुंबईच्या समुद्रात घेण्यात आल्या होत्या. तेथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' या प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. फायरबॉल ही दोघांनी चालवावयाची, स्पिनेकर असलेली नौका आहे.

येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. मुक्काम थेट वाऱ्याच्या दिशेला असेल, तर सरळ रेषेत जाणे हाच सर्वांत जलद मार्ग नव्हे काय? हलक्या आणि वेगवान नौकांच्या बाबतीत याचे उत्तर बहुधा नकारार्थी असते. वारा थेट पाठीवर घेण्याऐवजी तो मागच्या एका कोपऱ्यावर घेतला, तर हवा पुन्हा शिडाच्या पृष्ठांवरून वाहू लागते, पडद्याचा पंख होतो आणि वेग वाढतो. काही अंतर एका बाजूला आणि काही अंतर दुसऱ्या बाजूला असे तिरके गेल्याने अंतर वाढते, पण वेळ वाचतो. जड आणि संथ नौकांना हा लाभ कमी मिळतो. तरीही थोड्या कोनातून जाण्याने नौका अधिक स्थिर राहते. म्हणून सावध नाविक थेट मागचा वारा शक्यतो टाळतात.

६. शीड बाजू बदलते तेव्हा

वारा पाठीमागे असताना नौका एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळली, की मोठे शीडही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. या क्रियेला जाईब म्हणतात. बूम जवळजवळ अर्धवर्तुळ फिरून पलीकडे जातो. नाविकाने ठरवून केलेली जाईब ही नित्याची गोष्ट आहे. परंतु ती न ठरवता घडली, तर या प्रवासातील तो सर्वांत गंभीर अपघात ठरू शकतो. वेगाने फिरणारा बूम डोक्याला लागून गंभीर इजा होते, माणूस पाण्यात फेकला जातो, कधी डोलकाठीही मोडते.

अशी जाईब अकस्मात घडल्यासारखी वाटते, तरी तिची पूर्वसूचना मिळत असते. वारा मानेच्या एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला लागू लागतो. जिब आपोआप बाजू बदलू पाहते. मोठ्या शिडाची मागची कड थरथरू लागते आणि बूम किंचित वर उचलला जातो. यांपैकी एकही खूण दिसली, तर नौका ताबडतोब थोडी वाऱ्याकडे वळवावी आणि सर्वांना डोकी खाली घेण्यास सांगावे.

ठरवून करावयाच्या जाईबची रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम सर्वांना मोठ्याने सूचना द्यावी. सेंटरबोर्ड फार खाली असेल तर थोडे वर घ्यावे, कारण पूर्ण खाली असलेल्या फळीला अडखळून नौका उलटू शकते. नंतर नौका हळूहळू वळवीत दोरी आत ओढून घ्यावी. बूम पलीकडे जाताना वाकून बाजू बदलावी. बूम पलीकडे जाताच सुकाणू सरळ करावे आणि दोरी लगेच बाहेर सोडावी. सुकाणू सरळ करण्यास उशीर झाला तर नौका वळतच राहते आणि वाऱ्यासमोर आडवी येते.

ही क्रिया केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर प्रथमदर्शनी विपरीत वाटते. घाबरलेला नवशिका नौकेचा वेग कमी होण्याची वाट पाहतो. वास्तविक नौका सर्वाधिक वेगात असते तेव्हाच जाईब सर्वांत सोपी जाते. नौका जितकी वेगाने वाऱ्याबरोबर धावेल तितका जाणवणारा वारा कमी आणि शिडावरील दाबही कमी. वेग मंदावला की तोच दाब पुन्हा वाढतो.

७. शहरातील तलावाचा धडा

अलसूर तलावावर समुद्रासारख्या लाटा नसतात. परंतु तेथील वारा समुद्रावरील वाऱ्याइतका सरळही नसतो. पावसाळ्यात बंगळुरूला प्रामुख्याने पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात पूर्वेकडून वारे येतात. तलावाच्या सभोवती इमारती आणि झाडे आहेत. कोणत्याही अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या दहा ते वीसपट अंतरापर्यंत हवेचा प्रवाह विस्कळीत होतो. म्हणजे ३० मीटर उंचीची इमारत तिच्यामागील ३०० ते ६०० मीटरपर्यंतच्या वाऱ्यावर परिणाम करते. लहानशा तलावाच्या दृष्टीने हे अंतर थोडे नाही. दोन इमारतींच्या मधून येणारा झोत एका दिशेचा, तर काही क्षणांनंतर येणारा दुसऱ्याच दिशेचा असू शकतो. बेटांच्या आडोशाला वारा पडतो आणि आडोसा संपताच पुन्हा येतो.

वारा पाठीशी असताना ही चंचलता अधिक त्रासदायक ठरते, कारण दिशेतील थोडासा बदलही न ठरवलेली जाईब घडवून आणू शकतो. म्हणून शिकाऊ नाविकाला मागे वळून पाहण्याची सवय लावली जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक तरंगांचा गडद पट्टा सरकत येताना दिसला, की तो वाऱ्याचा झोत समजावा. तो कोणत्या बाजूने येत आहे, किती वेगाने येत आहे आणि आपल्यापर्यंत केव्हा पोहोचेल, याचा अंदाज घ्यावा. झाडांचे शेंडे, काठावरील झेंडे आणि मागून येणाऱ्या नौकांची शिडे हीदेखील वाऱ्याची चिन्हे होत. ज्याने अशा वाऱ्यात शीड सांभाळले त्याला मोकळ्या समुद्रावरील स्थिर वारा समजण्यास वेळ लागत नाही.

८. महासागरातील पाठीचा वारा

पाठीमागच्या वाऱ्याचे सर्वांत उग्र रूप पृथ्वीच्या दक्षिण भागातील महासागरात पाहावयास मिळते. तेथे सुमारे ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात पश्चिमेकडून येणारे प्रबळ वारे वर्षभर वाहतात. त्यांना अडविणारी भूमी जवळजवळ नसल्यामुळे लाटाही प्रचंड असतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा नाविक हे वारे पाठीशी घेऊन कित्येक आठवडे प्रवास करतो.

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी याच मार्गाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून एकट्याने असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय होत. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार ठिकाणी थांबून १९ मे २०१० रोजी ते मुंबईस परतले. त्यांची ५६ फूट लांबीची 'म्हादेई' ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती. पुढे १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या नौकेतून, तर २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी त्याच नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

एवढ्या मोठ्या नौकेवरही तत्त्वे तीच असतात. केवळ चुकीची किंमत वाढते. बूम अकस्मात फिरू नये म्हणून त्याच्या टोकापासून नौकेच्या पुढच्या भागापर्यंत एक मजबूत दोरी बांधून त्याला जखडून ठेवतात. वारा वाढू लागला की मागचे मोठे शीड आधी कमी करतात आणि पुढचे शीड शक्य तितके टिकवितात. यामागील कारण साधे आहे. मागून ढकललेली गाडी वाकडी जाते, पुढून ओढलेली गाडी सरळ चालते. पुढच्या शिडाने ओढलेली नौकाही लाटेवरून खाली घसरताना सरळ राहते. ती आडवी झाली, तर मागून येणारी लाट तिला उलथून टाकू शकते. एकट्या नाविकाला झोपही घ्यावी लागते. म्हणून रात्र होण्यापूर्वीच, वारा आटोक्यात असताना, शीड कमी करून ठेवण्याची सवय त्याने अंगी बाणवलेली असते.

कोकणच्या किनाऱ्यावरील खलाशांनाही वाऱ्याचे हे भान पिढ्यान्पिढ्या होते. पावसाळ्याच्या उधाणात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की ती पुन्हा पाण्यात लोटली जात. पाठीशी येणारा प्रत्येक वारा घेण्याजोगा नसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पाठीशी वारा असलेल्या नौकेवर थंडावा जाणवत नाही, कलंडण्याची भीती वाटत नाही आणि अंतर सहज कापले जाते. याच वेळी वाऱ्याचा अंदाज चुकण्याचा संभव सर्वाधिक असतो. शीड पूर्ण उघडावे, पण ते आवरण्याची वेळ आधी ठरवून ठेवावी. पुढे पाहत सुकाणू धरावे, पण मागे वळून पाहण्यास विसरू नये. अलसूर तलावावर ऑप्टिमिस्ट चालविणारे मूल आणि दक्षिणी महासागरात एकाकी जागणारा नाविक, या दोघांनाही हाच नियम पाळावा लागतो.

शब्दार्थ

डोलकाठी – शीड ज्यावर उभारतात तो नौकेचा उभा खांब
सुकाणू – नौकेची दिशा बदलण्याचे साधन
प्रदक्षिणा – सभोवती घातलेली फेरी
आडोसा – वारा किंवा ऊन अडविणारी जागा
विस्कळीत – सलग नसलेला, मोडलेला
विपरीत – उलट
गलबत – शिडाचे मालवाहू जहाज
उधाण – समुद्राला येणारी मोठी भरती, खवळणे

स्वाध्याय

१. वारा बाजूने येत असताना आणि पाठीमागून येत असताना शीड कोणत्या वेगवेगळ्या प्रकारे कार्य करते? 'पंख' आणि 'पडदा' या शब्दांच्या आधारे स्पष्ट करा.
२. खऱ्या वाऱ्याचा वेग १२ नॉट आहे आणि नौका त्याच दिशेने ४ नॉट वेगाने जात आहे. नाविकाला जाणवणारा वारा किती असेल?
३. कारणे द्या:
(अ) शीड कमी करण्याचा निर्णय वळण्यापूर्वी घ्यावा लागतो.
(आ) नौका वेगात असताना जाईब करणे सोपे जाते.
(इ) जोराच्या वाऱ्यात सेंटरबोर्ड अधिक खाली ठेवतात.
४. न ठरवता घडणाऱ्या जाईबच्या पूर्वसूचना कोणत्या?
५. शहरातील तलावावरचा वारा समुद्रावरील वाऱ्यापेक्षा वेगळा का असतो? पाठाच्या आधारे लिहा.
६. 'वारा पाहून पाठ द्यावी' या म्हणीचा रूढ अर्थ आणि पाठात आलेला अर्थ यांतील फरक आठ ते दहा ओळींत लिहा.
७. तुमच्या परिसरातील तलाव, नदी किंवा समुद्र यांच्या काठी दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी वाऱ्याच्या दिशेचे निरीक्षण करा. पाणी, झाडे, धूर किंवा झेंडे यांवरून दिशा कशी ओळखली, त्याची नोंद करा.